आयरिश गोठ्यातला गवताचा क्रॉस ठाण्यात बसून कसा विणायचा

आयर्लंडमधे ३१ जानेवारीच्या संध्याकाळी, जुनी पद्धत पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी एक काम ठरलेलं असतं. पाणथळ शेतातून रश नावाचं गवत उपटून आणायचं आणि जेवणं झाली की सगळ्यांनी बसून त्याचे क्रॉस विणायचे. सेंट ब्रिजिडचा क्रॉस म्हणतात त्याला, मधे विणलेला चौकोन आणि चार बाजूंना चार हात. एक दाराच्या वर, एक गोठ्यात, घोडा असेल तर एक तबेल्यात. दुसरा दिवस १ फेब्रुवारी म्हणजे ब्रिजिडचा दिवस आणि तिकडच्या जुन्या हिशोबाने वसंताचा पहिला दिवस. गाई व्यायला लागतात, कोकरं होतात, हिवाळ्यात आटलेलं दूध परत सुरू होतं, आणि ब्रिजिड ही गुराढोरांची, दुधालोण्याची राखणदार, त्यामुळे घराला एक वेळ नसला तरी गोठ्याला क्रॉस हवाच अशी समजूत.

माझी आतेबहीण आयर्लंडच्या पश्चिमेला कौंटी मेयो या जिल्ह्यात राहते, तिच्या शेजारच्या आजींकडून ती शिकली आणि व्हिडिओ कॉलवर तिने मला शिकवलं. आता आमच्या सोसायटीत पोरं जमली की हे करतो. गोंद, खिळे, मशीन काही लागत नाही. २८-३० काड्या, थोडी सुतळी, कात्री, आणि हात बसला की अर्धा तास. विणणं अवघड नाहीच आहे, खरी गोम आहे ती काडीत. काडी चांगली मिळाली आणि नीट तयार केली तर पहिलाच क्रॉस बरा होतो, नाहीतर कितीही व्हिडिओ बघा, मधला चौकोन सैलच राहतो. म्हणून मी काडीबद्दल जास्त लिहिणार आहे, कंटाळू नका.

तिकडची काडी कशी असते ते आधी. रश म्हणजे गोल, हिरवी, विणायच्या सुईएवढी जाड, आतून पांढऱ्या स्पंजासारख्या गाभ्याने भरलेली, पान वगैरे काही नाही, नुसती कांडी. हा गाभा इतका चांगला की गरीब घरांत साल सोलून (एक बारीक पट्टी ठेवून, म्हणजे मोडत नाही) चरबीत बुडवून त्याचे दिवे लावायचे. पण आयरिश शेतकऱ्याला विचाराल तर तो या गवताला शिव्याच घालेल, कारण शेतात रश उगवलं म्हणजे जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाहीये हे सगळ्या गावाला दिसतं, गाई ते खात नाहीत, आणि कापलं तरी परत येतं. आपल्याकडे लव्हाळ्याचं जे नातं तेच. वर्षभर ज्याच्या मागे विळा घेऊन लागायचं तेच एका संध्याकाळी मानाने घरात आणायचं.

तिकडे ते जानेवारीतही हिरवंगार मिळतं, कारण पश्चिम आयर्लंडमधे वर्षाला पाऊस हजार ते चौदाशे मिलीमीटरच, पण तो बारा महिने रिपरिप पडत असतो, काही भागांत तर वर्षातले २२५ दिवस पावसाचे. ठाण्यात अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो पण चार महिन्यांत उरकतो, आणि जानेवारी येईपर्यंत ओढ्याकाठचं गवत पिवळं पडून कडकड मोडायला लागलेलं असतं. म्हणजे तारीख पाळायची असेल तर माल कुठून आणायचा हा प्रश्न येतोच.

यावर मला सापडलेलं सगळ्यात बेस्ट उत्तर म्हणजे अंब्रेला पाम. नाव पाम असलं तरी तो पाम नाही, लव्हाळ्याच्याच कुळातलं झाड आहे, लांब दांडी आणि टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पानं. ठाणे, नवी मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांच्या गार्डनमधे, कारंज्याजवळ नाहीतर जिथे एसीचं पाणी पडतं अशा कोपऱ्यात हे असतंच, आणि पाणी मिळालं की बारा महिने हिरवं राहतं. माळीकाका दर थोड्या दिवसांनी जुन्या दांड्या छाटून फेकतात, त्यांना आधी सांगून ठेवा की फेकू नका, बाजूला काढा. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमधेही कुंडी मिळते पण २८ दांड्या एका कुंडीतून निघणार नाहीत, दोन-तीन जणांच्या कुंड्या एकत्र करायला लागतील.

दुसरा पर्याय खरा लव्हाळा, म्हणजे शेताच्या बांधावर, चारीच्या कडेला पावसाळ्यात माजतो तो, त्यातल्या उंच जाती. शहापूर, मुरबाड, पनवेलकडे कोणाचं शेत असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमधे पोतंभर आणा, शेतकरी उलट आभार मानेल. ओळखायची खूण सोपी: दांडी अंगठा आणि बोटाच्या मधे धरून फिरवा. लव्हाळ्याला तीन कोपरे लागतात, अडखळत फिरते. आयरिश रश गोल असल्यामुळे गुळगुळीत फिरते. या तीन कोपऱ्यांमुळे आपली काडी दुमडताना एका बाजूने छान वाकते आणि दुसऱ्या बाजूने फाटते, तेव्हा दुमडायच्या आधी सपाट बाजू आत घ्यायची, कोपरा बाहेर. हे एवढं केलं तरी मोडतोड खूप कमी होते.

पाणकणीसाची पानंही चालतात, नवी मुंबईत नाल्यांच्या आणि तळ्यांच्या कडेला दिसतं ते, वरती कबाबासारखं तपकिरी कणीस असलेलं. पानं लांब आणि मऊ, फक्त चपटी असल्यामुळे क्रॉस जरा फताडा दिसतो. मी उभी अर्धी चिरून पीळ देऊन वापरते.

इथे एक सांगायलाच हवं, खाडीकाठी कोयता घेऊन जाऊ नका. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मधे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला, आणि तिवरांना हात लावायला तर हायकोर्टाच्या २००५ च्या आदेशापासूनच बंदी आहे. येऊरच्या जंगलाचं पण तेच, ते नॅशनल पार्क आहे, तिथून काडीसुद्धा उचलायची नाही. सोसायटीचं गार्डन आणि ओळखीतलं शेत एवढ्यात भागतं.

नारळाच्या पातीबद्दल बरेच जण विचारतात, कारण ती फुकट आणि भरपूर. वसईकडची ख्रिस्ती मंडळी झावळ्यांच्या रविवारी पातींचे सुंदर छोटे क्रॉस करतात, त्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे, पट्टी दुमडून दुमडून करायचा असतो तो. ब्रिजिडच्या क्रॉसला पात वापरायची तर मधला हीर काढून टाका, आणि पात पिवळी पडायच्या आत विणा. दिसतो चांगला पण वाळल्यावर पाती गोल गोल वळतात, तेव्हा पहिल्यांदा करताना नको. आणि अगदीच काही नाही मिळालं तर सरावासाठी वर्तमानपत्राच्या बारीक सुरळ्या करा. ते ज्यूसबरोबर येतात ते कागदी स्ट्रॉ मात्र आखूड पडतात.

आता तयारी. तिकडे रश कापत नाहीत, उपटतात, तशी रीतच आहे. त्याचा फायदा असा की बुडाच्या पांढऱ्या मऊ भागासकट लांब काडी हातात येते. अंब्रेला पाम मात्र उपटू नका, माळीकाका ओरडतील आणि कंदही निघून येईल. बुडाशी तिरकं कापा, वरची छत्री उडवा. सगळ्या काड्या साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरच्या करा. पेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या बाजूला ठेवा, त्या कधीच नीट दुमडत नाहीत. जाडी सारखी असली तर चौकोन सारखा येतो, त्यामुळे निवडायला पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. सगळ्यात चांगली, सरळ, जाडसर काडी पहिल्या काडीसाठी राखून ठेवा.

आणि लगेच विणायला बसू नका. ताजी काडी पाण्याने टम्म असते, दुमडली की कटकन तुटते, आणि न तुटता विणली गेलीच तर वाळताना आकसते आणि सगळं सैल होतं. एक दिवस सावलीत, पेपरवर पसरून ठेवा. दाबल्यावर थोडी लिबलिबीत लागली पण रंग अजून हिरवा आहे, की झाली तयार. मे महिन्यात अर्ध्या दिवसात होतं, पावसाळ्यात दोन दिवस लागतात. जास्त वाळली तर ओल्या टॉवेलमधे गुंडाळून रात्रभर ठेवा, परत मऊ पडते. गव्हाची नाहीतर भाताची काडी वापरत असाल तर उलटं आहे, ती आधीच कोरडी असते, कोमट पाण्यात तासभर भिजवायची, वर ताटली ठेवायची नाहीतर तरंगत बसते, आणि मग टॉवेलमधे.

चला, विणायला घेऊ. टेबलावर बसा, मांडीवर हे जमत नाही. राखून ठेवलेली पहिली काडी समोर उभी धरा, ही दुमडायची नाही. दुसरी काडी बरोबर मध्यावर दुमडा आणि पहिलीच्या मध्यभागी मागून अडकवा, अशी की दुमड डावीकडे पहिलीला चिकटून आणि दोन्ही मोकळी टोकं उजवीकडे. मधला सांधा डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने घट्ट चिमटीत धरा. ही चिमूट आता शेवटपर्यंत सोडायची नाही, फोन वाजला तरी.

आता सगळं मिळून घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनात फिरवा. जी टोकं उजवीकडे होती ती वर गेली. तिसरी काडी दुमडा, वर गेलेल्या दोन्ही टोकांना डावीकडून कवेत घ्या, तिची टोकं उजवीकडे. मध्याकडे सरकवून ओढा. परत उलट दिशेने काटकोन फिरवा, परत नवीन काडी दुमडून वर असलेल्या सगळ्या टोकांना डावीकडून कवेत, टोकं उजवीकडे, ओढा. बस, एवढंच आहे. फिरवा, अडकवा, ओढा. नवीन काडी नेहमी उजवीकडे आधीपासून असलेल्या काड्यांच्या वरच्या अंगाला, त्यांना चिकटून बसते, खाली नाही आणि त्यांच्या अंगावर चढूनही नाही. आणि कवेत घेताना वरची सगळी टोकं आली पाहिजेत, एखादं बाहेर राहिलं तर त्या बाजूने क्रॉस तिरका जातो आणि कळतं पाच काड्यांनंतर.

पहिल्या पाच-सहा काड्यांपर्यंत काहीच दिसत नाही, हातात नुसती काटक्यांची मोळी वाटते आणि पोरं इथेच सोडून देतात. सोडू नका. साधारण आठवी काडी बसली की मधे एक छोटा चौकोन डोकं वर काढतो, एकात एक चौकट अशा रेघा दिसायला लागतात, आणि मग हाताला आपोआप कळतं पुढची कुठे जाणार. प्रत्येक काडी ओढायची कशी, तर वेणी घालताना पेड ओढतो तशी, म्हणजे झटका न देता, पण ढील न ठेवता. झटका दिला की दुमडीवर चीर पडते. दोन्ही टोकं एकत्र धरून ओढायची, एकेक नाही. दर चार काड्यांनी, म्हणजे एक फेरा पूर्ण झाला की थांबून मधला भाग चारही बाजूंनी अंगठ्याने आत दाबून घ्या. हे जे करत नाहीत त्यांच्या क्रॉसमधून उजेड दिसतो.

पहिली न दुमडलेली सोडून २८ काड्या एका क्रॉसला पुरतात. लहान हवा तर १६ वर थांबा. थांबताना फेरा पूर्ण करून थांबा, म्हणजे चारही हातांची जाडी सारखी येते. शेवटच्या काडीला पुढे कोणी धरून ठेवणारं नसतं, ती सुटते. तिची टोकं तिच्या शेजारच्या आधीच्या काडीच्या दुमडीतून, म्हणजे त्या फटीतून ओवून घ्या, नाहीतर सरळ लगेच रबरबँड लावा.

रबरबँड म्हणजे तात्पुरतं. चारही हातांना मधल्या चौकोनापासून चार बोटं अंतरावर दुधाच्या पिशव्यांवरून जमवलेले रबर लावून ठेवा आणि क्रॉस एक आठवडा पंख्याखाली टांगून ठेवा. काड्या वाळतात, आकसतात, रबरही त्यांच्याबरोबर आवळत जातं. आठवड्याने मधला चौकोन परत दाबून, ढिली टोकं परत ओढून, मग सुतळीने पक्कं बांधायचं. सुतळी जांभळी नाक्याला कुठेही मिळते, बारीक घ्या. तीन-चार वेढे आणि मागच्या बाजूला गाठ. पहिल्याच दिवशी सुतळी बांधलीत तर पंधरा दिवसांत काड्या त्यातून बाहेर सटकतात, कारण सुतळी आकसत नाही. टोकं कात्रीने सरळ छाटायची ती पण या वेळीच, आधी छाटली तर परत ओढायला टोकच उरत नाही. तिकडे जुनी माणसं बांधायलाही रशच वापरायची, दिसतं सुरेख, पण आपल्या तीनकोनी काडीची गाठ टिकत नाही.

हिरवा रंग जाणार. दोन-तीन आठवड्यांत पिवळट, मग गव्हाळ. काही जणांना हिरवा टिकवायचा म्हणून लगेच व्हार्निश मारायची हौस असते, नका मारू, आत पाणी कोंडतं आणि काळी बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर मारायचं तर मारा, मला तरी तो चकचकाट आवडत नाही. जून लागला की आपल्या हवेत बुरशी येतेच, बाहेरच्या दारावर असेल तर आत घ्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि इस्त्री करून झाली की त्या गरम कपड्यांबरोबर कपाटात वरच्या खणात ठेवून द्या.

क्रॉस तयार झाल्यावर आपल्याकडे प्रत्येकजण एकच गोष्ट बोलतो, अरे हे तर स्वस्तिक. हो, दिसतं तसं, हात थोडे सरकलेले असतात ते विणायच्या पद्धतीमुळे, फिरवत फिरवत अडकवलं की चौकोनाभोवती तसंच होणार, दुसरं काही होऊच शकत नाही. लगेच आपल्याकडूनच तिकडे गेलं म्हणून फॉरवर्ड सोडू नका. त्यांची स्वतःची गोष्ट आहे. ब्रिजिड ही किल्डेअरची, पाचव्या-सहाव्या शतकातली. एक सरदार मरायला टेकला होता, ती उशाशी बसली होती, तेव्हाच्या घरांत जमिनीवर रश पसरलेलं असायचं, तेच उचलून तिने विणत विणत त्याला क्रॉसची गोष्ट सांगितली, अशी आख्यायिका. त्याच नावाची एक देवी त्याही आधी होती, त्यामुळे संत कुठे संपते आणि देवी कुठे सुरू होते हे तिकडचे लोकही फार ताणत नाहीत. १९६१ च्या ३१ डिसेंबरला त्यांचं सरकारी टीव्ही चॅनल सुरू झालं तेव्हा त्याच्या चिन्हात हाच क्रॉस होता, आणि २०२३ पासून ब्रिजिडच्या दिवसाची देशभर सुट्टी असते. बाईच्या नावाने असलेली ती त्यांची पहिलीच सार्वजनिक सुट्टी. मेयोतच कॅसलबारजवळ टर्लो पार्कला ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय म्युझियम आहे, कोणी जाणार असेल तर तिथे हे क्रॉस बघा, एका छापाचे नाहीत, प्रत्येक भागाची तऱ्हा वेगळी.

त्यातला तीन हातांचा प्रकार उत्तरेकडे गोठ्यासाठी करायचे. पहिला चार हातांचा जमल्यावरच हा करा. इथे पहिली काडीसुद्धा दुमडलेली घ्यायची. दुसरी दुमडून पहिलीला कवेत घेते, तिसरी दुमडून दुसरीला कवेत घेते, आणि तिसरीची टोकं पहिलीच्या दुमडीतून ओवायची. तिन्ही एकदम ओढल्या की मधे त्रिकोण बसतो. नंतर काटकोनाऐवजी वर्तुळाचा तिसरा भाग फिरवत जायचं, बाकी सगळं तेच. लहान मुलांसाठी सगळ्यात सोपा चौकटच्या एक्क्यासारखा असतो तो, दोन काटक्या अधिक चिन्हासारख्या बांधायच्या आणि भोवती काडी एकेका हाताला वेढा देत गुंडाळत जायचं. शाळेत आइसक्रीमच्या काड्यांवर लोकर गुंडाळून करतात तेच, हात शिवशिवत असतील अशा पाच वर्षांच्या पोराला हा द्या आणि तुमचा क्रॉस वाचवा.

राहिला टांगायचा दोर. त्याला खिळा आणि नायलॉनची दोरी वापरली तर सगळी मजा गेली. आयरिश शेतावर गवताच्या किंवा पेंढ्याच्या पिळलेल्या दोराला सूगॉन म्हणतात आणि त्याने काय काय बांधायचे, गंजी, छपराचं गवत, खुर्च्यांच्या बैठका पण त्यानेच विणायचे. आपल्याकडे हापूसच्या पेट्यांमधे जो पेंढा येतो तो क्रॉसला कामाचा नाही, चुरगळलेला असतो, पण दोराला एकदम झकास. वाशी मार्केटला सीझनमधे पेटी घेतलीत की पेंढा फेकू नका, पिशवीत भरून ठेवा.

दोर वळायला दोघं लागतात. पेंढ्यावर पाणी शिंपडून अर्धा तास ठेवा. एकजण खुर्चीवर पेंढ्याचा ढीग घेऊन बसतो, दुसऱ्याच्या हातात आकडा. आकडा म्हणजे लोखंडी हँगरची तार वाकवून मधे कोयंडा आणि मागे फिरवायला दांडा, एवढंच. मूठभर पेंढा आकड्यात अडकवायचा, आकडेवाल्याने एकाच दिशेला फिरवत फिरवत मागे सरकत जायचं आणि बसलेल्याने चिमटीतून थोडा थोडा पेंढा सोडत राहायचं. कौशल्य सगळं त्या बसलेल्याचं. एकदम जास्त सोडला की गाठोळं येतं, कमी सोडला की तिथे तुटतं. आधीचा पेंढा संपायच्या आत नवीन काड्यांची टोकं त्यात मिसळली पाहिजेत. आमच्या दोन बीएचकेत मागे सरकत सरकत आकडेवाला लिफ्टपर्यंत पोचतो, शेजारच्या काकूंना आता सवय झालीये, दार उघडं टाकून बघत बसतात आणि गावाला चऱ्हाट कसं वळायचे ते सांगतात.

पीळ पुरेसा झाला हे कसं कळतं, तर दोर जरा सैल सोडला की स्वतःच्या अंगाभोवती वळसे घ्यायला बघतो. त्या क्षणी तो ताणून धरायचा, मधोमध कोणीतरी बोट ठेवायचं, दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि बोट काढायचं. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती वळतात आणि मग तो उलगडत नाही. टोकाला गाठ, बाहेर आलेल्या काड्या कात्रीने कापायच्या, झाला टांगायचा फास. उरलेल्या दोराचं मोठं कडं करून त्यावर छोटे क्रॉस बांधायचे आणि घरच्यांनी त्यातून तीनदा आरपार जायचं अशीही एक रीत तिकडे पश्चिमेला होती, वर्षभर तब्येत चांगली राहते म्हणून. पोरांना हा प्रकार क्रॉसपेक्षा जास्त आवडतो, पण कडं दणकट हवं, नाहीतर तिसऱ्या पोराला निकाल लागतो.

लावायचा कुठे, तर दाराच्या आतल्या बाजूला वर. बाहेर लावला तर आपल्याकडे तोरणाशी भांडण होतं, आणि दसऱ्याला भाताच्या लोंब्यांचं नवं बांधणारी घरं असतील तर जागाच उरत नाही. गॅसच्या जवळ नको, वाळलेलं गवत आहे ते. तिकडे आगीपासून घर वाचवायला म्हणून छपराच्या वाशांत खोचायचे, ते वेगळं. दरवर्षी नवीन केला की जुना तिथेच ठेवायचा अशी काही घरांत पद्धत, वाशांत मोजून सांगता यायचं या घराला किती वर्षं झाली. काही घरांत जुना चुलीत घालायचे. आपल्या फ्लॅटमधे दोन्ही जमणार नाही, तेव्हा सुतळी सोडवून घ्या, काड्यांचे तुकडे करून कुंडीत पसरा, आच्छादन म्हणून छान होतं, माती लवकर सुकत नाही. फक्त तलावपाळीला किंवा खाडीत सोडायला नेऊ नका.